साडेतेरा इंच

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिला कारखान्यात सगळे भिंगरी म्हणत. कारखाना म्हणजे काही फार मोठा नाही. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन लांबट खोल्या, बावीस मशिनी आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली कापायचं टेबल. आम्ही गणवेश शिवतो. बसचे ड्रायव्हर, हॉटेलांचे दरवान, इस्पितळातल्या सिस्टर, सगळ्यांचे. कापायचं टेबल ही आमच्याकडे मानाची जागा. आठ थर कापड एकावर एक अंथरायचं, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने आखायचं आणि मोठ्या कात्रीने कापायचं. हात चुकला तर एक नाही, आठ कोट वाया. त्या टेबलावर मी अकरा वर्षं होते. तिथे उजेड चांगला असतो, आणि मालकीणबाई कोणाशीही बोलत असल्या तरी मधूनच तिकडे बघून मान हलवतात.

धाकटीला कामाला मीच लावली. घरात बसून कंटाळते म्हणाली, म्हणून मीच मालकीणबाईंकडे शब्द टाकला. ती काज-बटणाला लागली. तेव्हा ती गुबगुबीत होती, सावकाश होती. एका काजाला एवढा वेळ लावायची की मालकीणबाई मला विचारायच्या, "तुमची जाऊ काज करते की भरतकाम?" मला ती फार आवडायची. आपल्यापेक्षा हळू चालणारं माणूस कोणाला आवडत नाही?

मग वर्षभरात सगळंच फिरलं. माझं वजन जेवणाच्या नुसत्या विचाराने वाढतं. ही दोन माणसांचं जेवायची, वर मुलीच्या ताटातलं उरलेलंही संपवायची, आणि हिची कंबर मात्र उतरत चालली. डोळे मोठे आणि पाणीदार दिसायला लागले. गालावर लाली आली. थंडीत आम्ही सगळ्या स्वेटर घालून मशिनीवर वाकलेल्या असताना ही उठून खिडकी उघडायची आणि म्हणायची, "काय उकडतंय हो." बायका तिला घेरून विचारायच्या, काय करतेस, काय खातेस. ती हसून म्हणायची, "काही नाही हो, आपलं तुमच्यासारखंच." मी आठवडाभर रात्रीचं जेवण सोडून बघितलं. अर्धा किलो वाढले.

आणि तिचा उरक. घरी मी उठायच्या आत तिचं झाडून, पुसून, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून झालेला असायचा. आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एका घरात, एका स्वयंपाकघरात. सासूबाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघायच्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायच्या, "हिच्या अंगात काय आहे कोण जाणे. थोरलीने जरा शिकावं." माझा तिळपापड व्हायचा. मी भांडी जरा जोरात आपटायचे, तर त्या म्हणायच्या, धाकटीच्या हातून आवाजसुद्धा होत नाही.

एका सोमवारी मालकीणबाईंनी मला बोलावलं. "थोरल्याबाई, तुम्ही आता कॉलर बघा. तिथे पक्का हात लागतो. टेबल धाकटीला देऊ, तिला उरक आहे." पक्का हात म्हणजे म्हातारा हात, एवढं मला कळतं. मी बरं म्हणाले आणि माझी कात्री तिच्या हातात दिली. तिने ती घेतली तेव्हा तिचे हात बारीक थरथरत होते. आनंदाने, असं मला वाटलं. मी कॉलरच्या टेबलाशी जाऊन बसले.

मापं मात्र माझ्याकडेच राहिली. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक कामकरणीला एक बंद गळ्याचा कोट मिळतो, गळ्यापर्यंत बटणं लावायची. मालकीणबाईंचं म्हणणं, गणवेश शिवणाऱ्यांनी स्वतः गबाळं राहू नये. त्यासाठी मी सगळ्यांची मापं घेते आणि वहीत लिहिते. वहीत प्रत्येकीचं एक पान आहे, वर्षाखाली वर्ष. ज्या मास्तरांनी मला शिकवलं ते म्हणायचे, एखादं माप बाकीच्या अंगाशी जुळत नसेल तर परत घ्यायचं. गिऱ्हाईक निघून गेलं असेल तर बाकीच्या अंगावरून अंदाजाने लिहायचं.

धाकटी माझ्यासमोर उभी राहिली. छाती चौतीसची बत्तीस. कंबर एकतीस होती, ती साडेसत्तावीस. दंड, मनगट, सगळं उतरलेलं. मग फीत गळ्याभोवती घेतली, आणि ती साडेतेरावर आली. मागच्या वर्षी साडेबारा होता. एवढी बारीक झाल्यावर गळा इंचभर वाढेल कसा? फीत सरकली असणार. परत घ्यायला हवं होतं, गिऱ्हाईक समोरच उभं होतं. पण ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, "झालं का ताई, झालं का," आणि मागून कोणीतरी म्हणालं, "साडेसत्तावीस! लग्नातली कंबर परत आली की." त्या कमरेजवळ आणखी एक मिनिट उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी बाकीच्या अंगावरून अंदाज केला आणि लिहिलं, गळा बारा.

कोट तयार व्हायला महिना गेला, आणि त्या महिन्यात भिंगरीचं तंत्र बिघडलं. आठ थरांवरची तिची खडूची रेघ नागमोडी यायला लागली. दोनदा कापड वाया गेलं. दुसऱ्यांदा ती सगळ्यांसमोर मला म्हणाली की मी जेवायच्या सुट्टीत तिचा फर्मा सरकवला. मी सरकवला नव्हता. कोणी दोघी हसल्या की तिला वाटायचं आपल्यालाच हसतायत. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि थांबली की रडायला लागायची. मशिनीजवळच्या बाकावर बसून छातीवर हात दाबून म्हणायची, "ताई, आतून कोणीतरी पळतंय." घरी सासूबाईंच्या अंगावर ओरडली, मुलीच्या हातातली पाटी हिसकावून फोडली. ती सात वर्षांची पोर आमच्या खोलीत झोपायला यायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दाराशी उभ्या उभ्याच तिला बघितलं, "मनाला फार लावून घेतात, विश्रांती द्या" म्हणाले, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊनही तिला झोप लागली नाही.

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? इतके दिवस जिचं नाव घेऊन मला टोचलं, तिच्याबद्दल आता घरातले कुजबुजत होते, आणि सासूबाई मला "तूच समजूतदार गं बाई" म्हणत होत्या.

कोट वाटायचा दिवस आला. सगळ्यांनी तिथेच घालून बघितले. धाकटीने खालपासून बटणं लावली. अंगात कोट नीट बसला होता. वरचं बटण काही लागेना. तिने कॉलर ओढली, मान वर केली, पुन्हा ओढली. तिच्या कपाळावर घाम आला.

"हे मुद्दाम केलंय," ती म्हणाली. "ताईंनी मुद्दाम घट्ट केलंय. माझा गळा दाबायचाय त्यांना."

तिने कात्री जमिनीवर फेकली. माझ्या अंगावर नाही, जमिनीवर, पण ती माझ्या पायाजवळ आली. आजूबाजूच्या बायका मागे सरकल्या.

मालकीणबाई शांत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांचे कोट एकाच वहीवरून झालेत. तुझाच कसा घट्ट होईल? थोरल्याबाई, वही काय म्हणते?"

मी वही उघडून वाचलं. "गळा बारा. अंग सगळंच उतरलंय तिचं, त्या हिशेबानेच कॉलर केलीये." वहीत जे होतं तेच मी वाचलं. साडेतेराचं कोणाला सांगितलं नाही. मालकीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, उद्यापासून थोडे दिवस येऊ नकोस.

ते एक वाक्य आमच्या आधी घरी पोहोचलं. 'जाऊ माझा गळा दाबते,' म्हणते. त्याआधी सगळे म्हणत होते की ती चिडचिडी झालीये, थकलीये. त्या संध्याकाळपासून म्हणायला लागले, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. दिराने तिच्या भावाला फोन केला. ठरलं असं, की पुढच्या रविवारी भाऊ येऊन तिला माहेरी नेणार. मुलीची शाळा इथे, म्हणून मुलगी इथेच राहणार. सासूबाई म्हणाल्या, बरी झाली की येईल. बरी झाली हे कोण ठरवणार, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

सोमवारी मला माझं टेबल परत मिळालं. खिडकी, उजेड, कात्री, सगळं जागच्या जागी.

मंगळवारी इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर मापं द्यायला आल्या. धिप्पाड बाई, बोलायला मोकळ्या. मी त्यांच्या गळ्याचं माप घेत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, बाकी अंग उतरतंय आणि गळाच तेवढा वाढतोय, असं होतं का हो कधी?"

"कोणाचा?"

"एका गिऱ्हाइकाचा."

"खाणं कसं आहे?"

"दोन माणसांचं."

त्या माझ्याकडे वळल्या. हात थरथरतात का, झोप लागते का, घाम येतो का, डोळे मोठे दिसतात का, विचारत गेल्या, आणि मी हो म्हणत गेले. "स्वभाव?" त्यांनी विचारलं. "चिडणं, रडणं, संशय?" मी फीत गुंडाळायला लागले.

"थायरॉईड असेल," त्या म्हणाल्या. "गळ्यातली ग्रंथी असते, ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की अख्खं शरीर पळत सुटतं, आणि मनही. घरच्यांना वाटतं वेड लागलं. साधी रक्ताची तपासणी आहे. मात्र बघायला हवं, नाहीतर हृदयावर जातं. औषधाने बहुतेकांचं आटोक्यात येतं."

"आणि ती कमी काम करायला लागली तर?"

"तर उलट. माणूस सुस्तावतं, जाड होतं, उदास बसून राहतं."

मी घरी गेले आणि काही बोलले नाही. बुधवारीही नाही. आपण काही डॉक्टर नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सिस्टरने तिला बघितलं कुठे आहे? पण टेबलाशी उभं राहून कापताना खरं कारण मला स्वच्छ दिसत होतं. ती बरी झाली तर कात्री परत तिच्या हातात जाणार. आणि दुसरं, त्याहून हलकं कारण. आजार झाला तोही हिला असा झाला, की ज्यात माणूस बारीक होतं, चार लोक कौतुक करतात. मला झाला असता तर सुस्तावणारा झाला असता. एवढ्या आजारी बाईच्या आजाराचाही मला हेवा वाटत होता, आणि गुरुवारी आणि शुक्रवारीही मी मूग गिळून बसले.

शनिवारी संध्याकाळी ती आमच्या खोलीच्या दारात आली. हातात तो कोट होता, घडी केलेला. मागे तिच्या खोलीत तिची बॅग अर्धी भरून पलंगावर पडलेली दिसत होती. त्या दिवशी ती शांत होती. बोलायचं नीट जुळवून आली होती.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मला फर्मा सरकवल्यासारखा वाटला. तो तुम्ही नव्हता सरकवला ना?"

"नाही."

"बायका हसत होत्या, ते मला नव्हतं ना?"

"नाही गं."

तिने मान हलवली, एकेक सामान मोजून बॅगेत ठेवावं तशी. "मग हा कोटही घट्ट नसणार. मला अजून वाटतंय की घट्ट आहे. आत्ता घालून बघितला तरी वाटतंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी मानेन. मला आता माझं काही खरं वाटत नाही."

मला तिचा राग आला. एवढा विश्वास माझ्यावर टाकायची काय गरज होती? नुसती भांडायला आली असती तर मी गप्प राहू शकले असते. मी उठले, कपाटातली फीत काढली आणि तिला म्हटलं, "इकडे ये, उजेडात."

फीत साडेतेरावर आली. मी परत घेतली. परत साडेतेरा. या वेळी मी तिच्या गळ्याकडे बघितलंही. खाली, कॉलर बसते तिथे, पुढून दोन्ही बाजूंनी भरल्यासारखा दिसत होता. आवंढा गिळताना तो भरलेला भाग वर सरकला आणि खाली आला. अकरा वर्षं गळ्यांची मापं घेतलेल्या बाईला हे दिसलं नव्हतं.

"कोट घट्ट आहे," मी म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

ती खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला सिस्टरचं सगळं सांगितलं. फक्त सिस्टर कधी आल्या होत्या, ते सांगितलं नाही.

रविवारी तिचा भाऊ आला तेव्हा मी मापाची वही घरी आणून ठेवली होती. मालकीणबाईंना फोन करून मागितली होती, आणि का हवी तेही सांगितलं होतं. सगळ्यांसमोर ते पान उघडलं. "हा गळा मी बारा लिहिलाय. माप साडेतेरा आलं होतं. मला ते पटलं नाही म्हणून मी अंदाजाने लिहिलं. ती म्हणाली तेच खरं होतं. गळा खरंच आवळत होता." सासूबाई म्हणाल्या, "अगं पण गळा दाबायचाय असं म्हणाली ना ती." मी म्हटलं, "घट्ट कॉलर गळा दाबतेच, सासूबाई. तुम्ही घालून बघा." दिराने वही ओढून घेतली आणि ते पान स्वतः वाचलं. बॅग तिथेच राहिली, आणि सोमवारी तो तिला घेऊन इस्पितळात गेला. रक्ताच्या तपासणीचे आकडे जसे यायला नको होते तसेच आले.

गोळ्या सुरू झाल्या. छातीतली धडधड आणि हातांची थरथर दोन-तीन आठवड्यांत कमी झाली, झोपही यायला लागली. संशय जायला वेळ लागला. चार-पाच महिने मध्येच एखाद्या दिवशी ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायची. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, गोळी कमी-जास्त करायची. एक दिवस मुलगी आपली उशी घेऊन आमच्या खोलीतून निघाली आणि आईकडे जाऊन झोपली. सासूबाईंनी कोणाला काही शिकायला सांगणं बंद केलं, कारण धाकटीला आता सकाळी उठायला माझ्यापेक्षा उशीर होत होता.

उरक गेला तो गेलाच. मालकीणबाईंनी तिला परत घेतलं ते काज-बटणाला. तिथे ती पुन्हा एकेका काजाचं भरतकाम करते. टेबल माझ्याकडेच आहे. वर्षभर मी ज्याच्यावर जळले ते तिचं नव्हतंच, आजाराचं होतं, आणि ते आजाराबरोबर गेलं. आता मला सुखाने बसायला हरकत नव्हती.

पुढच्या वर्षीची मापं आली. धाकटी समोर उभी राहिली. छाती पस्तीस. कंबर एकतीस. मागून कोणी काही म्हणालं नाही. ती पुन्हा गुबगुबीत झाली होती, आणि मी फीत गळ्याकडे नेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मी तुमच्यावर नाही नाही ते आळ घेतले. डॉक्टर म्हणाल्या, तेव्हाचे संशय सगळे आजाराचे होते. मनात ठेवू नका."

गप्प राहिले असते तर झालं होतं. माझी माफी मागून ती मोकळी होत होती, आणि मला ते सहन होईना.

"सिस्टर मंगळवारी आल्या होत्या," मी म्हणाले. "मी तुला शनिवारी सांगितलं. तू विचारायला आलीस म्हणून. नाहीतर सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही."

आजूबाजूला मशिनी चालू होत्या, कोणाला काही ऐकू गेलं नव्हतं.

"चार दिवस," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे सगळे संशय आजाराचे नव्हते."

"एक नव्हता."

तिने माझ्या हातातल्या फितीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही जाईल, आणि गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं. तिने गळ्याशी लावलेलं बटण काढलं आणि हनुवटी वर केली.

"घ्या माप," ती म्हणाली. "आणि दोनदा घ्या."

मी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा पावणेतेरा आलं, आणि पावणेतेराच लिहिलं. माझ्या हातातली फीत गळ्याभोवती असताना ती डोळे मिटून स्वस्थ उभी होती. तिच्या जागी मी असते तर मला ते जमलं नसतं.